कथेच्या डोक्यावर मिनार कशाला?

मुस्लिम मराठी लेखकाची कथा छापायची झाली की सजावटकाराकडे दोनच चित्रं तयार असतात : मिनार आणि चंद्रकोर. कथा तलाकची असो, गिरणीतून घरी बसवलेल्या बापाची असो की विहिरीच्या वाटणीची असो, वर तोच मिनार! इतरांच्या अंकांनी हे केलं तर आपण परिसंवाद भरवतो, साचेबंद प्रतिमेविरुद्ध बोलतो. मग आपल्याच वार्षिकांत तोच साचा कोणत्या तोंडाने छापतो?

जुन्नर तालुक्यातलं आणे घ्या. ज्या तालुक्यात कुकडी प्रकल्पाची धरणं, त्याच तालुक्यातलं हे पठार पाण्यासाठी ताटकळतं. तिथल्या मुसलमान शेतकऱ्यावर कुणी कथा लिहिली तर तिच्यात कोरडी विहीर येईल, बाजरी येईल, रंगदासस्वामींच्या यात्रेतली आमटी-भाकरी येईल. अशा कथेवर मिनार काढणाऱ्याने ती वाचलेलीच नसते. आणि त्याच्या हाती कथा न देणारा संपादक त्याच्याहून मोठा दोषी.

यावर ठरलेलं उत्तर येतं : आपली चळवळ आशयाची, सजावट हे पोट भरलेल्यांचे चोचले. हे उत्तर आपल्या इतिहासालाच नाकारतं. 1916 साली याच मुंबईत हाजी महंमद अल्लारखिया शिवजी या खोजा मुसलमानाने 'वीसमी सदी' हे सचित्र गुजराती मासिक काढलं. त्यात धुरंधरांची, रविशंकर रावळांची चित्रं आली, कन्हैयालाल मुनशींची 'गुजरातनो नाथ' क्रमशः आली. हाजींनी पदरचा पैसा ओतला. मासिक 1920पर्यंतच चाललं, पण गुजराती वाचकाला चित्रासह वाचायची सवय लावून गेलं. आपल्यापैकी कितीजणांना हे नाव ठाऊक आहे?

पैसा नाही म्हणता? 1955 साली 'शब्द' हे अनियतकालिक तरुण कवींनी सायक्लोस्टाइल करून काढलं. गरिबी त्यांनाही होती, आळस नव्हता.

मराठीत 'आवाज'च्या दिवाळी अंकाने खिडकीचित्रं रूढ केली. बंद पानावर वाचकाला एक दिसतं, मनात नको ते येतं. खिडकी उघडली की भलतंच निघतं आणि तो स्वतःलाच हसतो. पूर्वग्रह फोडण्याची याहून नेमकी युक्ती कोणती? 'आवाज'ने ती चावट विनोदासाठी वापरली. आपण ती कथेसाठी का वापरू नये? बंद पानावर दाढी आणि टोपी दिसू द्या. उघडल्यावर पठारावरचा शेतकरी टँकरची वाट पाहत उभा असू द्या.

1990च्या सोलापूर संमेलनापासून आपण सांगत आलो की आम्ही मराठी आहोत, आमचं जगणं इथल्या मातीचं आहे. भाषणात सांगितलेलं हे अंकाच्या पानावर दिसत नाही. तिथे अध्यक्षीय भाषणं, शुभेच्छा आणि जाहिराती. कथा उरलेल्या जागेत, बारीक टाइपात.

म्हणून मागणी साधी आहे. निम्मी पानं कथेला द्या. चित्रकाराला आधी कथा वाचायला द्या, मग ब्रश. त्याचं नाव छापा आणि त्याला मानधनही द्या. आणि कथेत मशीद नसेल तर चित्रातही ती नको.