नसलेल्या चिपचा इतिहास

१/ कमोडोर ६४ हा घरगुती संगणक १९८२ साली बाजारात आला. त्याच्या इतिहासात आवाजाच्या आणि चित्रांच्या चिपचे कौतुक नेहमी होते, आणि ते रास्तही आहे. परंतु या यंत्राचा स्वभाव उमगतो तो त्यात न बसवलेल्या एका चिपवरून. तिचे नाव ६५५१.

२/ संगणकाच्या आत अक्षराचे आठ बिट आठ तारांवरून एकाच वेळी जातात. टेलिफोनच्या तारेवर मात्र ते दिंडीसारखे एकामागून एक पाठवावे लागतात. पुढे आरंभाचा एक बिट, मागे समाप्तीचा एक, असे एका अक्षराचे बहुधा दहा बिट होतात. ही रांग लावणे आणि आलेली रांग पुन्हा अक्षरात जुळवणे, हे ६५५१ चे काम.

३/ तिचे प्रोग्रामिंग सुटसुटीत होते. डेटा, स्थिती, आज्ञा आणि नियंत्रण अशी चार रजिस्टरे. नियंत्रण रजिस्टरात वेग नोंदवायचा, डेटा रजिस्टरात अक्षर ठेवायचे. पुढचे सारे चिप पाहत असे. प्रोसेसरला ती दर अक्षरामागे एकदाच हाक मारी. वेग ५० पासून १९,२०० बॉडपर्यंत.

४/ ६५५१ बनवणारी एमओएस टेक्नॉलॉजी ही कंपनी १९७६ पासून कमोडोरच्याच मालकीची होती. तरीही व्हिक-२० मध्ये आणि नंतर कमोडोर ६४ मध्ये ही चिप आली नाही. कमोडोर ६४ मध्ये तिचे काम रॉममधील ‘कर्नल’ या प्रोग्रामावर आणि ६५२६ चिपच्या टायमरांवर सोपवण्यात आले.

५/ याची किंमत प्रोसेसरने मोजली. ३०० बॉडला दर ३.३ मिलिसेकंदांनी आणि १२०० बॉडला दर ०.८३ मिलिसेकंदांनी, प्रत्येक बिटासाठी त्याला हातातले काम टाकून धावावे लागे. त्यात चित्रांची चिप त्याला मधूनमधून थांबवी. डिस्क वापरायची तर ही देवघेव आधी थांबवावी लागे. २४०० बॉडची सोय कागदावर होती, भरवसा नव्हता.

६/ वडाचे झाड गेले तरी वडगाव हे नाव राहते. तसाच पुरावा येथे सापडतो. कर्नलमध्ये ६५९ आणि ६६० या स्मृतिस्थानांची नावे एम५१सीटीआर आणि एम५१सीडीआर अशी आहेत. ही नसलेल्या ६५५१ ची काल्पनिक रजिस्टरे. वेगासाठीचा ६ हा आकडा दोन्हीकडे ३०० बॉडच दर्शवतो. अधिकृत मार्गदर्शिकेतील तक्त्यात १९,२०० पर्यंतचे वेग छापलेले आहेत, मात्र २४०० च्या पुढील वेगांपुढे ‘उपलब्ध नाही’ अशी खूण आहे.

७/ या काटकसरीचे समर्थन करता येते. मोडेम न घेणाऱ्या ग्राहकाने या चिपचे पैसे का भरावेत? स्वस्ताईमुळेच हे यंत्र सामान्य घरांत पोचले. पण वाचलेला खर्च नाहीसा झाला नाही, तो प्रोग्रामरांच्या माथी आला. एकेका चक्राचा हिशेब मांडून त्यांनी चिपची उणीव भरून काढली, आणि जाहिरातीत त्यांच्या श्रमांना जागा नव्हती.

८/ त्या श्रमांचे मोल लहान नाही. १९८५ साली कमोडोर ६४ साठी क्वांटम लिंक ही ऑनलाइन सेवा सुरू झाली. तिची कंपनी पुढे अमेरिका ऑनलाइन या नावाने जगाला माहीत झाली. सेकंदाला जेमतेम तीस अक्षरांच्या गतीने माणसे रात्री परस्परांशी बोलत होती. या संवादाखाली चिपचा आधार नव्हता, कोणाच्या तरी बुद्धीचा होता.

९/ अखेर ६५५१ परतली. स्विफ्टलिंक नावाच्या कार्ट्रिजमधून ती कमोडोर ६४ ला बाहेरून जोडली गेली, दुप्पट वेगाच्या स्फटिकासह, आणि ३८,४०० बॉडपर्यंत पोचली. कारखान्याने वाचवलेले पैसे शेवटी गरजू ग्राहकाने आपल्या खिशातून भरले.

१०/ म्हणून जुन्या यंत्राचा इतिहास लिहिताना त्यात काय होते एवढीच यादी पुरेशी नाही. काय वगळले गेले आणि ते काम कोणी उचलले, हेही विचारले पाहिजे. राजवाड्याच्या इतिहासात पाणी वाहणाऱ्यांची नोंद क्वचितच असते. कमोडोर ६४ मध्ये ती नोंद ६५९ क्रमांकाच्या स्मृतिस्थानी आहे; वाचणारा हवा.