विश्लेषण : ब्रेकच्या पेडलवरचे रबर झिजले आहे का?

पावसाळा तोंडावर आला की मोटारीचे वायपर बदलले जातात, टायरची नक्षी पाहिली जाते, ब्रेक तपासले जातात. पण ज्या पेडलवर पाय ठेवून तो ब्रेक दाबायचा, त्यावरच्या रबराकडे सहसा कुणी वाकून पाहत नाही. हे रबर गाडीतल्या सर्वांत स्वस्त भागांपैकी एक. ते गुळगुळीत झाले, तर उत्तम ब्रेकही ऐनवेळी उपयोगाचा राहत नाही, कारण पाय पेडलवर टिकतच नाही.

रबर नेमके कशासाठी?

पेडल हा मुळात लोखंडी पट्टीचा तुकडा. त्यावर मोज्यासारखे बसवलेले रबर आणि रबरावरच्या आडव्या-उभ्या रेघा पायाला पकड देतात. पाऊस असला की चपलेचा तळ ओला, त्याला चिखल लागलेला. रेघा शाबूत असतील तर पाणी त्यांच्या खाचांत जाते आणि तळ रबराला धरून राहतो. रेघा गेल्या की पाय बाजूला घसरतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी अर्ध्या सेकंदात साधारण आठ मीटर पुढे जाते. घसरलेला पाय पुन्हा पेडलवर आणायला एवढा वेळ सहज लागतो. शहरातल्या कोंडीत धोका क्लचचा. गाडी पहिल्या गिअरमध्ये असताना क्लचवरून पाय निसटला, की ती झटक्यात पुढच्या गाडीवर जाते.

कोण तपासते?

ब्रिटनमध्ये तीन वर्षांहून जुन्या मोटारीची दरवर्षी सक्तीची तपासणी होते. ब्रेक पेडलवरचे घसरणरोधक आवरण नसेल, सैल असेल किंवा झिजून गुळगुळीत झाले असेल, तर गाडी नापास होते. आपल्याकडे टॅक्सी, ट्रक अशा व्यावसायिक वाहनांना ठरावीक काळाने योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. खासगी मोटारीची नोंदणी मात्र १५ वर्षांची. तोवर पीयूसी सोडली तर तिला कुठलीही सरकारी तपासणी नाही, आणि पीयूसी धूर मोजते, पेडल पाहत नाही. म्हणजे मधली सारी वर्षे भिस्त मालकावर आणि गॅरेजवर. सर्व्हिसिंगच्या बिलात एसीची सफाई आणि पॉलिश आवर्जून असते. पेडलच्या रबराची एक ओळ त्या यादीत घालायला सर्व्हिस सेंटरांना काहीच अडचण नसावी.

घरी कसे पाहावे?

मोबाइलचा टॉर्च लावून खाली वाकावे. रेघा पुसट झाल्या असतील, कडेला चीर असेल, कोपऱ्यातून लोखंड दिसत असेल तर रबर बदलायला आले. झीज सगळीकडे सारखी नसते. पाय ज्या बाजूने पेडलवर येतो त्या बाजूची कड आधी जाते, त्यामुळे मधला भाग चांगला दिसला तरी फसू नये. मग बोटांनी रबर इकडेतिकडे सरकवून पाहावे. ते हलत असेल तर रेघा शाबूत असूनही उपयोग नाही. वर्षानुवर्षे उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीत रबर न झिजताही कडक आणि चकचकीत होते.

बदलताना

दुकानात ‘ब्रेक पॅड’ मागितले तर चाकाजवळचे पॅड हातात पडतील. ‘पेडल रबर’ मागावे आणि गाडीचे मॉडेल, वर्ष सांगावे. ऑटोमॅटिक गाडीचे ब्रेक पेडल रुंद असते, तेही सांगावे. ॲक्सिलरेटर अनेक गाड्यांत अखंड प्लास्टिकचा असतो, त्याला वेगळे रबर नसते.

गाडी बंद करून, हँडब्रेक ओढून जुने रबर एका कोपऱ्यातून सोलून काढावे. पट्टीवरचा गंज आणि माती पुसून घ्यावी. नवे रबर थोडा वेळ गरम पाण्यात ठेवले की मऊ होते. आधी एक कड अडकवावी, मग उरलेल्या ओढून घ्याव्यात. बसत नाही म्हणून तेल किंवा ग्रीस लावणे हा मोठा घोळ. अगदीच लागले तर आतून किंचित साबणाचे पाणी लावावे, आणि ते सुकेपर्यंत गाडी हलवू नये. चारही कडा मागच्या बाजूने पट्टीवर नीट बसल्या आहेत का, हे बोट फिरवून पाहावे. नंतर उभ्या गाडीत पेडल चार-पाच वेळा जोरात दाबून पाहावे. डॅशबोर्ड चमकवणारे पॉलिश पेडलवर चुकूनही मारू नये. शोभेची ॲल्युमिनियमची पेडले ओल्या चपलेखाली निसरडी होतात, शिवाय त्यांचे स्क्रू ढिले पडतात.

जुनी गाडी घेणाऱ्यांना हे रबर आणखी एक गोष्ट सांगते. मीटरवर २५ हजार किलोमीटर आणि क्लचचे रबर पार गुळगुळीत, असे दिसले तर मीटरबद्दल विचारावे. जुन्या गाडीत रबर कोरे करकरीत असेल, तर ते कधी आणि का बदलले, हेही विचारायला हरकत नाही.