जॅक बसत नाही म्हणून कान कापू नका

उन्हाळी नांगरट जोरात आली की वेल्डिंगच्या दुकानांपुढे पलटी नांगर दिसू लागतात. तक्रार ठरलेली: नांगर पलटवणारा नवा हायड्रॉलिक जॅक आणला, पण बसत नाही. कुठे पिनच जात नाही, कुठे नांगर अर्धा उठतो आणि तिथेच अडतो. मग गॅस कटर पेटतो आणि जॅकची पिन ज्यात बसते तो नांगराचा कान कापून इकडेतिकडे सरकवला जातो. माझ्या मते या कापाकापीत नांगराचा दोष क्वचितच असतो. माप चुकतं ते जॅक विकत घेतानाच, आणि ते चुकायला जॅक बनवणारे मोकळं रान देतात.

दुकानात आपण सांगतो, "पन्नास एचपीच्या नांगराचा जॅक द्या." दुकानदार बोअर विचारतो, फार तर स्ट्रोक. ज्यावर सगळं अडतं ते माप कुणी काढतच नाही: जॅक पूर्ण मिटलेला असताना एका पिनेच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंतची लांबी. एका जॅकवर चालणाऱ्या नांगरात बहुधा जॅक मिटताना नांगर वर येतो आणि मध्य ओलांडला की तोच जॅक उघडत त्याला पलीकडे टाकतो. म्हणजे मध्यावर दोन पिनांतलं अंतर सर्वांत कमी. जॅकची मिटलेली लांबी त्याहून पाच मिलिमीटर जरी जास्त निघाली, तरी पिस्टन आत टेकतो आणि नांगर मध्य गाठत नाही. शिव्या मात्र पंपाला आणि व्हॉल्व्हला बसतात. अशा वेळी "मोठ्या स्ट्रोकचा घ्या" हा सल्ला तर हमखास मिळतो. तो उलटा पडतो, कारण त्याच बनावटीत स्ट्रोक वाढला की मिटलेली लांबीही वाढते.

जॅक उघडून तोकडा पडला तर नुकसान जास्त. नांगर स्टॉपर बोल्टवर टेकायच्या आधीच जॅकचा स्ट्रोक संपतो. मग रानातले झटके बोल्टाऐवजी जॅक खातो. रॉड वाकतो, कान फाटतो, आणि आपण म्हणतो माल हलका होता.

माप घेणं अवघड नाही. जुना जॅक काढून नांगर चेन ब्लॉकला भक्कम धरा आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. समजा, पिनांतलं सर्वांत कमी अंतर ४०० मिलिमीटर आणि दोन्ही बाजूंना स्टॉपरवर टेकल्यावर ५९० निघालं. तर मिटून ३९० आणि उघडून ६०० होणारा, म्हणजे २१० स्ट्रोकचा जॅक हवा. छिद्र जुळलं का ते बघायला बोट घालू नका. बोटं अशीच जातात.

जोर वाढावा म्हणून ५० ऐवजी ६३ मिलिमीटरचा बोअर टाकणारेही आहेत. १५० बारला पन्नासचा जॅक साधारण ३ टन ढकलतो, त्रेसष्टचा पावणेपाच. तो जास्तीचा भार कानांनी कुठून पेलायचा? शिवाय तेल जास्त लागतं, नांगर सावकाश पलटतो.

छिद्र अंडाकृती झालं असेल तर वेल्डिंगने भरून ग्राइंडर मारणं ही निव्वळ मलमपट्टी. लेथवर बोअर करून बुश बसवा. दोन कान एका रेषेत नसतील तर रॉड एका अंगाने घासतो, आणि मग कितीही सील किट बदला, तेल गळतंच. जॅक जागेवर ठेवून वेल्डिंग तर अजिबात नको. उष्णतेने सील जळतं, अर्थिंग चुकीच्या ठिकाणी असेल तर करंट रॉडमधून जाऊन क्रोमवर खड्डे पडतात.

राहिला प्रश्न जॅक बनवणाऱ्यांचा. ट्रॅक्टरच्या तीन बिंदूंच्या जोडणीला आंतरराष्ट्रीय मापं आहेत, म्हणून एका कंपनीचं अवजार दुसरीच्या ट्रॅक्टरला लागतं. अमेरिकेत ओढायच्या अवजारांचा ८ इंच स्ट्रोकचा प्रमाण जॅक मिटल्यावर पिन ते पिन सव्वावीस इंच भरतो. आपल्याकडच्या नांगरांच्या जॅकला असं एकच माप लगेच लागू होणार नाही, हे मान्य. पण बोअर, स्ट्रोक, मिटलेली लांबी आणि पिनेची जाडी हे चार आकडे नळीवर पंचाने ठोकायला कारखानदाराला काय जड जातं? आकडे नसलेला जॅक दुकानदाराने ठेवूच नये.

तोवर दुकानात जुना जॅक घेऊन जा, पण पूर्ण मिटवून. अर्धवट उघड्या जॅकशेजारी नवा ठेवून "तंतोतंत आहे" म्हणणारे कमी नाहीत. आणि नांगराचा कान आधीच कुणी कापून सरकवला असेल, तर जुन्या जॅकवरही विसंबू नका. टेप नांगरावरच लावा.