यंत्र इथे येतंय, आपण तिकडे जातोय

पावसाळा ओसरायच्या आतच डहाणू-तलासरीची पोरं ओखा, पोरबंदर, वेरावळच्या बोटींवर खलाशी म्हणून निघतात. दिवाळी झाली की घरंच्या घरं वीटभट्टीवर जातात. तुमच्या वर्गातलंही कुणी गेलं असेलच.

आता याच तालुक्यांत काय येतंय ते बघा. साखरे गावात बुलेट ट्रेनचा ४० मीटर लांबीचा, सुमारे ९७० टनांचा गर्डर खांबांवर चढला. तंत्र जपानचं, बराचसा पैसाही जपानचाच. ५० वर्षांचं कर्ज आणि व्याज ०.१ टक्का! इतकं स्वस्त का? कारण कर्जासोबत त्यांची रेल्वेही विकली जाते. शिवाय वाढवणला ७६ हजार कोटींचं बंदर होतंय.

म्हणजे भांडवल दारात आणि आपण दाराबाहेर. असं का?

मजुरी नुसत्या अंगमेहनतीवर ठरत नाही. हातात कुठलं साधन आहे, त्यावर बरंच ठरतं. पावसाच्या भरवशावरच्या भाताच्या तुकड्यात राबणारे हात मोठ्या इंजिनाच्या बोटीवर कितीतरी जास्त कमाई काढून देतात. म्हणून पोरगा जातो. बोट पाकिस्तानने पकडली तर वर्षानुवर्षं तिथल्या तुरुंगात काढावी लागतील, हे माहीत असूनही जातो.

पण यंत्र शेजारी आलं म्हणून आपली मजुरी आपोआप वाढत नाही. ते चालवता, दुरुस्त करता आलं पाहिजे. नाहीतर ऑपरेटर बाहेरून येणार आणि आपल्या हाती घमेलं नाहीतर वॉचमनची काठी.

गंमत बघा, त्याच जपानला आज माणसं कमी पडतायत. कुशल कामगारांसाठी त्याने २०२१ मध्ये भारताशी करार केला. बांधकाम, शेती, वृद्धांची देखभाल अशी कामं त्यात आहेत. पण आधी कामाची आणि जपानी भाषेची परीक्षा पास व्हावी लागते. पैशाला आपल्या गावात यायला कुणी परीक्षा घेतली नाही. माणसाला मात्र द्यावी लागते.

बंदर हवं की नको, यावर किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा लढा आहे आणि त्यांचं ऐकलंच पाहिजे. पण ज्यांची जमीन आधीच गेली, त्यांना नुसता चेक पुरणार नाही. चेक संपतो, त्यातून घेतलेली बाईकही जुनी होते.

आपले दोन्ही तालुके पेसा क्षेत्रात आहेत, ग्रामसभेला वजन आहे. पुढच्या सभेला जा आणि मोबदल्यासोबत एवढं विचारा: आमच्या आयटीआयची किती मुलंमुली या यंत्रांवर शिकाऊ म्हणून घेणार? आकडा लेखी मागा.