तार कोणाची, दार कोणाचे?

घरी फायबर ब्रॉडबँड घ्यायचे ठरले की आपल्याकडचे सुशिक्षित कुटुंब एखाद्या स्थळाची करावी तशी चौकशी सुरू करते. 100 मेगाबिट पुरतील की 300 घ्यावेत, राउटर फुकट मिळेल की अनामत भरावी लागेल, सोबत कोणकोणते ओटीटी येतील, वर्षाचे पैसे एकदम भरले तर किती सूट. हे सारे प्रश्न रास्तच आहेत. पण त्यांच्या आधीचा एक प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. आपल्या इमारतीत तार आणण्याची मुभा कोणाला आहे? ज्याला ती आहे त्याचाच प्लॅन अखेर आपण घेतो. बाकीच्या तुलनेत एखादी संध्याकाळ जाते, इतकेच.

तारेची मालकी आणि सेवेची निवड यांची ही गाठ जुनी आहे. 1885 च्या भारतीय तार कायद्याने तार टाकणाऱ्याला दुसऱ्याच्या जमिनीवरून ती नेण्याचा अधिकार दिला. ज्याच्या घरात ती पोचायची, त्याच्या अधिकाराविषयी मात्र कायदा जवळजवळ मुका होता. स्वातंत्र्यानंतर तार सरकारचीच राहिली. दूरध्वनीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे आणि ज्यांची ऐपत होती ते मोठी ठेव भरून ‘ओन युवर टेलिफोन’ योजनेतून रांगेत पुढे सरकत. 1994 च्या दूरसंचार धोरणाने 1997 पर्यंत मागेल त्याला दूरध्वनी देण्याचे उद्दिष्ट ठेवले. तेव्हा रांग होती, पण निदान ती दिसत होती.

माझ्या मते आजच्या अडचणीचे मूळ 2004 मध्ये आहे. त्या वर्षीच्या ब्रॉडबँड धोरणाने 256 किलोबिटच्या जोडणीला ब्रॉडबँड म्हटले, याचे आज हसू येते. 2023 मध्ये ती किमान मर्यादा 2 मेगाबिट झाली. हसण्यावारी न्यावा असा नसलेला निर्णय वेगळाच होता. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, सरकारी कंपन्यांच्या घरापर्यंत गेलेल्या तांब्याच्या तारा इतर सेवादात्यांना भाड्याने खुल्या कराव्यात अशी शिफारस केली होती. सरकारने ती बंधनकारक केली नाही. सार्वजनिक पैशाने उभारलेले जाळे स्पर्धकांच्या हाती का द्यावे, या आक्षेपात तथ्य होते, हे मान्य करतो. पण परिणाम काय झाला? 2010 पर्यंत दोन कोटी ग्राहकांचे उद्दिष्ट होते. प्रत्यक्षात मजल निम्म्याच्या थोडी पुढे गेली. ‘ज्याची तार, त्याचीच सेवा’ हा अलिखित नियम होऊन बसला आणि तांबे जाऊन काच आली तरी तोच चालू राहिला. एकच रस्ता तीन कंपन्या तीनदा खोदतात आणि शेजारच्या वस्तीत एकही फिरकत नाही, त्याचे कारण हेच.

देशात मोबाइलवरून ब्रॉडबँड वापरणारे ग्राहक 90 कोटींच्या वर आहेत, तर तारेने जोडलेले सुमारे साडेचार कोटी. मोबाइल आहेच, मग तारेचा एवढा आग्रह कशाला, असे विचारले जाते. एका घरात मुलगी ऑनलाइन परीक्षा देते आहे, सून कार्यालयाची बैठक चालवते आहे आणि आजोबा डॉक्टरांशी पडद्यावर बोलत आहेत, हे दृश्य ज्यांनी पाहिले आहे त्यांना हा प्रश्न पडत नाही. ऑक्टोबर 2011 मध्ये मंजूर झालेली आणि पुढे ‘भारतनेट’ म्हणून ओळखली गेलेली योजना ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेण्यासाठी आहे. पंचायतीच्या कपाटातून घराच्या भिंतीपर्यंतचे शेवटचे अंतर खेड्यातही अवघड आहे आणि, गंमत अशी की, महानगरातही.

निवृत्तीनंतर मी उत्तर भारतातील एका शहरात, काहीशे सदनिकांच्या संकुलात राहायला आलो. फाटकासमोर चार कंपन्यांचे फलक होते. आतल्या डक्टमध्ये एकीचीच तार. विकासकाने संकुल बांधतानाच तिच्याशी करार केला होता. त्याची प्रत समितीकडे नव्हती आणि मुदत कोणालाच ठाऊक नव्हती. दुसऱ्या कंपनीचा माणूस तीनदा आला आणि तिन्ही वेळा पहारेकऱ्याने त्याला परत पाठवला. रस्त्यापलीकडच्या वसाहतीत तेवढाच वेग आमच्यापेक्षा कमी पैशांत मिळत होता. नोकरीची बरीच वर्षे परवानग्यांच्या फायलींत गेल्यामुळे फाइल कशी अडते हे मला नव्याने शिकायचे नव्हते. नवल इतकेच की येथे अडवायला फाइलसुद्धा लागली नाही.

या दुखण्याची जाणीव दिल्लीत नाही असे नाही. इमारतींच्या आतील जोडणीबाबत ट्रायने जानेवारी 2017 मध्येच शिफारशी केल्या होत्या. एकाच कंपनीला मक्ता देणारे करार नकोत आणि आतील सुविधा सर्वांनी वाटून वापराव्यात, असा त्यांचा आशय. 2023 च्या दूरसंचार कायद्याने सार्वजनिक मालमत्तेवरून मार्ग देताना भेदभाव आणि मक्ता दोन्ही नाकारले. त्याखालचे मार्गाधिकार नियम 1 जानेवारी 2025 पासून लागू झाले. खासगी मालमत्तेचा व्यवहार मात्र मालक आणि कंपनी यांच्या परस्पर करारावर सोपवलेला आहे. जनहितार्थ सरकारला मधे पडता येते, पण त्यासाठी दार ठोठवायचे ते कंपनीने, रहिवाशाने नव्हे. ऑक्टोबर 2024 मध्ये ट्रायने डिजिटल जोडणीनुसार इमारतींना तारांकन देण्याचे विनियम आणले. कल्पना चांगली आहे. पण ज्या विकासकाला मक्त्यातून लाभ होतो तो तारे मागायला आपण होऊन कशाला जाईल? अमेरिकेच्या नियामकाने फेब्रुवारी 2022 मध्ये बहुकुटुंबीय इमारतींतील उत्पन्न वाटून घेण्याचे विशिष्ट करारच बंद केले, कारण मक्ता कागदावर नसला तरी पैशाच्या वाटेने परत येतो, हे त्यांनी ओळखले होते.

राउटरची कथा याच दाराचे दुसरे कुलूप. कंपनी देते त्या पेटीत बहुधा दोन यंत्रे असतात. एक प्रकाशाचे संकेत विजेच्या संकेतांत बदलते, त्याला ओएनटी म्हणतात. दुसरे ते घरभर वायफायने पसरवते. पहिले कंपनीचे असणे समजू शकते. दुसरे ग्राहकाचे का नसावे? जर्मनीने 1 ऑगस्ट 2016 पासून स्वतःचे यंत्र जोडण्याचा हक्क कायद्यानेच दिला. आपल्याकडे ‘फुकट’ राउटरच्या मांडणीचा पासवर्डही अनेकदा ग्राहकाला मिळत नाही, आणि सेवा सोडताना पेटी परत केली नाही तर अनामत जाते. म्हणून जोडणीपूर्वीच विचारावे की ही पेटी ब्रिज मोडवर टाकून देणार का. उत्तर होकारार्थी असेल तरच बाजारातून चांगला राउटर आणण्यात अर्थ आहे. घरात लावलेला कॅमेरा बाहेरून थेट पाहायचा असेल तर स्वतंत्र सार्वजनिक आयपी पत्ता मिळतो का, हेही विचारावे, कारण पुष्कळ कंपन्या एकच पत्ता अनेक घरांत वाटतात. आणि वेगाची तक्रार करण्यापूर्वी संगणक लॅन केबलने जोडून मोजणी करावी. निम्म्या वेळा दोष तारेत नसतो. राउटर टीव्हीच्या मागे कोंबलेला असतो, किंवा फोन 5 ऐवजी 2.4 गिगाहर्ट्झवर अडकलेला असतो. वीज जाणाऱ्या गावात 12 व्होल्टचा छोटा यूपीएस हा महागड्या प्लॅनपेक्षा अधिक उपयोगी खर्च आहे.

वेगाच्या जाहिरातीत सर्वांत महत्त्वाचा शब्द सर्वांत लहान अक्षरांत असतो: ‘पर्यंत’. प्रचलित जीपॉन तंत्रात सुमारे अडीच गिगाबिटची एक धार 32 किंवा 64 घरांत वाटली जाते. त्यामुळे रात्री नऊ वाजता मिळणारा वेग शेजाऱ्यांच्या वापरावरही ठरतो. ‘अमर्याद’ डेटाला महिन्याकाठी 3300 जीबीसारखी मर्यादा असते आणि ठळक किमतीत 18 टक्के जीएसटी सहसा धरलेला नसतो. अमेरिकेत एप्रिल 2024 पासून मोठ्या सेवादात्यांना किंमत, वेग आणि मर्यादा एका ठरावीक नमुन्याच्या पट्टीवर छापाव्या लागतात. आपल्याकडे ऑक्टोबर 2024 पासून सेवागुणवत्तेचे नवे विनियम लागू आहेत, पण कामगिरी मोजली जाते ती राज्याएवढ्या परवाना क्षेत्रात. अख्ख्या राज्याची सरासरी पाहून कानपूरच्या एका गल्लीतला माणूस काय निवडणार?

20 जानेवारी 2011 पासून मोबाइल क्रमांक तोच ठेवून देशभर कंपनी बदलता येऊ लागली आणि बाजार सुधारला. ब्रॉडबँडला क्रमांक नाही, म्हणून बदल सोपा असायला हवा होता. प्रत्यक्षात जुनी सेवा बंद करणे, पेटी परत करणे, आगाऊ भरलेल्या रकमेवर पाणी सोडणे आणि मधले काही दिवस जोडणीविना काढणे हे सारे ग्राहकावर पडते. ब्रिटनमध्ये सप्टेंबर 2024 पासून नव्या कंपनीला सांगितले की जुनीचा हिशेब तीच मिटवते. तशी सोय येथे येईपर्यंत निदान पहिले तीन महिने महिन्याच्या बोलीवरच घ्यावेत, सूट कितीही गोड असो.

तक्रारीचे मार्गही माहीत असावेत. ट्राय वैयक्तिक तक्रारी हाताळत नाही. आधी कंपनीचे तक्रार केंद्र, मग तिचेच अपील प्राधिकरण. मात्र फेब्रुवारी 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दूरसंचार सेवेविरुद्ध ग्राहक मंचाकडे जाता येते असा निर्वाळा दिला आहे. तेथे कंपनीने सेवेत केलेल्या कसुरीची दाद लागते. ज्या कंपनीला आत येऊच दिले नाही तिच्या सेवेविषयी मात्र तेथे काय मागणार? त्यासाठी नियमच हवा, आणि तो करायला दूरसंचार विभागाला नवी समिती नेमण्याची गरज नाही. 2017 चा अहवाल काढून त्यातील मक्तेबंदी खासगी इमारतींना लागू करावी आणि तक्रारीचा अधिकार कंपनीबरोबर रहिवाशालाही द्यावा.