निदान पहिल्या पानावर हवे

गेल्या महिन्यात सोसायटीच्या सभेत एक जाडजूड बाड माझ्या हातात आले. तीस वर्षे ओलांडलेल्या आमच्या बदलापुरातल्या इमारतीचा स्ट्रक्चरल ऑडिट अहवाल. ऐंशी पाने, सगळी इंग्रजीत. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, ‘डॉक्टर, तुम्हीच वाचून सांगा. या घरात झोपायचे की नाही?’

तासभर पाने उलटली. रिबाउंड हॅमरचे आकडे, हाफ-सेल चाचणीचे तक्ते, भेगांचे रंगीत फोटो. चाचण्या मनापासून केलेल्या दिसत होत्या. आजींच्या प्रश्नाचे उत्तर मात्र ७१व्या पानावर एका लांबलचक वाक्याच्या शेपटीला सापडले: वरच्या मजल्यावरच्या दोन स्लॅबना ताबडतोब टेकू द्यावेत. अहवाल येऊन तीन आठवडे झाले होते. टेकू कोणीच दिले नव्हते, कारण तिथपर्यंत कोणी वाचलेच नव्हते.

उल्हासनगरकरांना याचे गांभीर्य सांगायला नको. मे २०२१मध्ये पंधरवड्याच्या आत इथल्या दोन इमारतींचे स्लॅब कोसळले. २८ मेच्या दुर्घटनेत सात जणांचा जीव गेला. चांगल्या काँक्रीटमधला क्षार सळईला गंजापासून जपतो. पाणी झिरपत राहिले आणि हा क्षार संपला, की सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून काँक्रीट आतून फुटते. वरचा स्लॅब सुटला, तर त्याचा भार खालचा पेलेलच असे नाही. हा आजार हळू वाढतो, म्हणजे तो वेळेत सांगता येतो. तो नीट सांगितला गेला पाहिजे, एवढेच.

आमच्या क्षेत्रात एक्स-रेच्या अहवालात बारीकसारीक निरीक्षणे असतात, पण निष्कर्ष वेगळा, ठळक लिहितात. रक्तातले पोटॅशियम जिवावर बेतण्याइतके वाढलेले दिसले, तर चांगली लॅब कागदाची वाट पाहत नाही, थेट डॉक्टरांना फोन करते. अर्थात आम्हीही धुतल्या तांदळाचे नाही. ‘लक्षणांशी पडताळून पाहावे’ या वाक्याआड आम्हीही अंग चोरतो. जबाबदारी अंगावर येईल ही भीती दोन्ही व्यवसायांत सारखीच.

त्या भीतीची किंमत जगाने पाहिली आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यान कोसळले आणि कल्पना चावलासह सात अंतराळवीर गेले. उड्डाणाच्या वेळी फोमचा तुकडा पंखावर आदळल्याचे अभियंत्यांना ठाऊक होते. त्यांच्या सादरीकरणातल्या एका पानाचा मथळा दिलासा देणारा होता. आदळलेला तुकडा चाचणीतल्या तुकड्यापेक्षा शेकडो पट मोठा आहे, ही माहिती त्याच पानाच्या तळाशी बारीक अक्षरात होती. चौकशी आयोगाने या मांडणीवरही बोट ठेवले. माहिती होती, पण ती कळेल अशी मांडलेली नव्हती.

म्हणून माझे म्हणणे असे. ऑडिट अहवालाचे पहिले पान मराठीत असावे आणि त्यावर चारच गोष्टी असाव्यात. इमारत कोणत्या वर्गात मोडते: सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची, सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची, सी-२बी म्हणजे राहते ठेवून दुरुस्त करायची, की सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी. धोका नेमका कोणत्या घरात, कोणत्या स्लॅबला आहे. काय करायचे आणि किती दिवसांत. आणि काय तपासता आले नाही: बंद घरे, फॉल्स सीलिंगने झाकलेले छत. तक्ते मागे असू द्यात. दुसऱ्या अभियंत्याला पडताळणीसाठी ते लागतातच.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांकडूनही प्रकल्प अहवालाचे पहिले पान असेच लिहून घ्यावे. अहवाल जाड झाला म्हणून गुण वाढू नयेत. आणि सोसायट्यांनी हे पान मिळाल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये.

आमच्या वरच्या मजल्यावर आता लोखंडी टेकू उभे आहेत. आजी सध्या मुलीकडे राहायला गेल्या आहेत. निर्णय त्यांनीच घेतला, पण ७१वे पान मराठीत ऐकल्यावर.