पोटावर सुरी चालण्याआधी प्रश्न विचारा!

रस्त्याकडेचे फलक पाहा, वर्तमानपत्रातून घरात येणारी पत्रके पाहा. एकीकडे शस्त्रक्रियेआधीचा फोटो, दुसरीकडे नंतरचा. मध्ये हसरे डॉक्टर आणि खाली ठळक अक्षरांत 'सुलभ हप्त्यांची सोय'. जणू फ्रीज किंवा मोटारसायकलच विकायला काढली आहे! वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया, म्हणजेच बेरियाट्रिक शस्त्रक्रिया, आता श्रीमंतांपुरती राहिलेली नाही. नोकरदार, रिक्षाचालक, अंगणवाडी सेविका यांच्या घरांतही तिची चर्चा होते. कर्ज काढून, दागिने मोडून लोक टेबलावर जातात. म्हणूनच या विषयावर स्पष्ट बोलले पाहिजे.

पहिली गोष्ट ही की, लठ्ठपणा हा आजार आहे. तो आळस नाही आणि खादाडपणाची शिक्षाही नाही. मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी, झोपेत श्वास अडकणे हे त्याचे सोबती आहेत. योग्य रुग्णावर योग्य हातांनी केलेली शस्त्रक्रिया मधुमेह आटोक्यात आणते आणि आयुष्य वाढवते, हे वैद्यकशास्त्राने सिद्ध केले आहे. त्यामुळे ती करून घेणाऱ्याला हसणे हा अडाणीपणा आहे. पण शस्त्रक्रिया चांगली आहे एवढ्यावरून ती करणारा प्रत्येक जण चांगला ठरत नाही. खरा प्रश्न इथेच सुरू होतो.

भारतीय वैद्यक परिषदेचे २००२ चे आचारनियम सांगतात की, डॉक्टरने किंवा संस्थेने जाहिरात करून रुग्ण ओढणे अनैतिक आहे. रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन देणे-घेणेही निषिद्ध आहे. मग हे फलक कोणाच्या आशीर्वादाने उभे राहतात? आपल्या गल्लीतला डॉक्टर एकाच रुग्णालयाचे नाव पुन्हा पुन्हा का सुचवतो? हे विचारण्यात उद्धटपणा कसला?

शस्त्रक्रिया कोणाला लागते, याचा हिशेब बीएमआयवर चालतो. किलोतले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. उंची १.६० मीटर आणि वजन ९० किलो असेल तर बीएमआय ३५ च्या थोडा वर जातो. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार ३५ च्या वर इतर आजार नसला तरी शस्त्रक्रियेची शिफारस करता येते. आशियाई माणसाला कमी वजनातही मधुमेह गाठतो, म्हणून आपल्यासाठी २७.५ पासूनच विचार करता येतो. विमा कंपन्यांचे गणित मात्र वेगळे आहे. विमा नियामकाच्या प्रमाणित कलमात बीएमआय ४० हवा, किंवा ३५ सोबत हृदयविकार, गंभीर स्लीप अ‍ॅप्निया, आटोक्यात न येणारा मधुमेह असा आजार हवा, शिवाय आधीचे साधे उपाय फसलेले हवेत. म्हणजे डॉक्टर 'तुम्ही पात्र आहात' म्हणतील आणि कंपनी दावा फेटाळेल! तेव्हा विम्याची मंजुरी लेखी हाती येईपर्यंत तारीख घेऊ नका. २०२५ पासून वजन कमी करण्याची नवी इंजेक्शनेही भारतात आली आहेत. आपल्याला ती चालतील का, हेही विचारा.

आता सर्जनची निवड. पाटीवर 'बेरियाट्रिक सर्जन' लिहिले म्हणजे ती पदवी होत नाही. त्यामागे जनरल सर्जरीची एमएस किंवा डीएनबी आहे का, या शस्त्रक्रियेचे खास प्रशिक्षण कुठे घेतले, हे पाहा. नोंदणी क्रमांक महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तपासता येतो. मग समोर बसून विचारा: गेल्या वर्षभरात अशा किती शस्त्रक्रिया तुम्ही स्वतः केल्या? किती जणांना गळती, रक्तस्राव झाला? किती जणांना पुन्हा टेबलावर घ्यावे लागले? माझ्यासाठी स्लीव्ह की बायपास, आणि का? स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कायमचा काढला जातो. ज्याला आधीच छातीत जळजळ होते त्याचा त्रास त्यामुळे वाढू शकतो. हे न सांगता 'स्लीव्हचे पॅकेज' पुढे करणाऱ्यापासून सावध राहा.

रुग्णालयात अतिदक्षता विभाग, व्हेंटिलेटर, रक्ताची सोय आहे का, हेही विचारा. एप्रिल २०२४ मध्ये चेन्नईतील एका खासगी रुग्णालयात वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झालेल्या २६ वर्षांच्या तरुणाचा मृत्यू झाला, आणि चौकशीनंतर सरकारने त्या रुग्णालयाची नोंदणी स्थगित केली. अनुभवी केंद्रांत असे मृत्यू फार कमी होतात. पण अडचण आल्यावर धावाधाव करणारे रुग्णालय आपल्याला नको.

तयारी रुग्णालाही करावी लागते. तंबाखू, बिडी, गुटखा, मिश्री किमान सहा आठवडे आधी पूर्ण बंद. निकोटीनने जखम भरत नाही आणि नंतर अल्सर होतो. सर्जन सांगेल तसा साधारण दोन आठवडे कमी उष्मांकाचा आहार घ्यावा लागतो, त्याने यकृत आकसते आणि सर्जनला जागा मिळते. रक्तातील साखर, हिमोग्लोबिन, बी-१२, ड जीवनसत्त्व, एंडोस्कोपी, झोपेची तपासणी टाळू नका. चालू असलेली प्रत्येक गोळी, अगदी काढा आणि चूर्णसुद्धा, डॉक्टरला सांगा. भगिनींनी लक्षात ठेवावे की शस्त्रक्रियेनंतर बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळावी लागते. लग्न जमवण्यासाठी मुलीला घाईने टेबलावर चढवणाऱ्या आईबापांनी हे आधी ऐकावे.

आणि खर्च टेबलावर संपत नाही. जीवनसत्त्वांच्या गोळ्या आयुष्यभर, रक्ततपासणी दरवर्षी. प्रथिने भरपूर लागतात. आहारतज्ज्ञ महागड्या पावडरीचा डबा लिहून देत असेल, तर आपल्या घरात काय शिजते ते सांगा. अंडी, सुकट, बोंबील, चिकन, मटकी, डाळ यांतूनही तक्ता बसवता येतो. पुढच्या पाच वर्षांचा हिशेब आज कागदावर मांडा. तो पेलत नसेल तर थांबा. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जाऊन तिथे सोय आहे का ते विचारा, दुसऱ्या सर्जनचेही मत घ्या.

हे सारे मागणे म्हणजे भीक नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समिरा कोहली प्रकरणात स्पष्ट केले की, उपचाराचे स्वरूप, धोके आणि पर्याय सांगितल्यावर दिलेली संमतीच खरी संमती. रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत कागदपत्रे देणे डॉक्टरला बंधनकारक आहे. महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांनुसार खासगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायचे आहे. ते भिंतीवर दिसत नसेल तर तिथेच विचारा.

कोऱ्या संमतीपत्रावर अंगठा किंवा सही करू नका. कागद मराठीत मागा, घरी न्या, शिकलेल्या पोराकडून वाचून घ्या. प्रश्न विचारल्यावर चिडणाऱ्या डॉक्टरच्या हाती आपले पोट देऊ नका. उत्तर देणारे डॉक्टरही आहेत, आणि ते शोधण्यासाठी दोन महिने गेले तरी चालतील!